कान्ह्याच्या चावडीतला कुलपाचा रेडिओ

मित्रांनो, मी कान्हे गावच्या चावडीतला जुना रेडिओ. हसू नका ना! आज माझ्या पेटीत उंदीर नांदतात, पण एके काळी अख्खं गाव माझ्यावर खार खाऊन होतं. ते का, हे सांगायला मी केव्हाचा उतावळा झालोय.

दुसऱ्या महायुद्धाच्या साली इंग्रज सरकारनं मला रेल्वेनं धाडलं. स्टेशनातून बैलगाडीत, पेंढ्यात गुंडाळून आलो. सागवानी पेटी, पुढं जाळी, खाली ही जड बॅटरी! पण केंद्र बदलायच्या बटणावर लाख ओतून सरकारी मोहोर मारलेली, वर पेटीला कुलूप. किल्ली हौशीराम कारकुनाच्या करदोट्याला. संध्याकाळी सातला तो कुलूप काढणार, सरकारचं एकच केंद्र लागणार, आठला बंद. काय ऐकायचं ते गावाला कुणी विचारलंच नाही. मलाही नाही!

सुरुवातीला काय माझं कौतुक! दृष्ट लागू नये म्हणून म्हाताऱ्या धोंडाबाईनं मला काजळाचा टिळा लावला होता.

जैतुनबीचा मुलगा, सरदार नावाचा, पलटणीत होता, समुद्रापार मलायात. एका संध्याकाळी मी खणखणीत आवाजात सांगितलं, मलायात आपली फौज सुखरूप आहे. झालं! जैतुनबीनं पिराचा नवस फेडला. गूळ, तूप सढळ हातानं घालून मलिदा केला आणि गावभर वाटला. महिन्यानं सरकारी कागद आला. सरदार बेपत्ता! आणि तारीख? मी सुखरूप म्हणालो त्याच्या आदल्या आठवड्याची!

ती तरातरा चावडीत आली आणि तिनं माझ्या जाळीवर थाडकन पायताण हाणलं.

"माझा मलिदा परत दे, मेल्या!"

"ए बाई, सरकारी माल हाय त्यो!" हौशीराम ओरडला.

"मंग सरकारलाच इचार. म्या जित्याचा मलिदा वाटला, का मेल्याचा फातेहा?"

त्या दिवसापासून मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "आला खोटारडा!" एकानं तर जाळीत शेण भरलं.

मग बजरंग एकदा तिच्या कानाला लागला. तो लोणावळ्याच्या रेल्वे शेडात फिटर.

"मावशी, दुश्मनाचं, जपान्यांचं बी केंद्र हाय. साडेसातला कैदी शिपायांची नावं वाचत्यात म्हनं."

"मंग लाव की!"

"मोहोर फोडली तर बेड्या पडतील मला."

"तू नगं फोडू. बटन कुनीकडं फिरवायचं, तेवढं सांग."

दुसऱ्या संध्याकाळी हौशीराम माझं कुलूप काढून स्टेशनावर टपाल आणायला गेला. जैतुनबीनं कमरेचा अडकित्ता काढला आणि कच्कन लाख फोडली! खरखर झाली, शिट्टी वाजली, अन् माझ्या गळ्यातून परका आवाज निघाला. तेही केंद्र काही साधू नव्हतं हं! त्याचीही किल्ली कुणाच्या तरी कमरेला असणारच. पण त्यानं नावं वाचली. एक, दोन, दहा... आणि मग, "सरदार, वडील राजमहंमद, गाव कान्हे. कैदेत आहे."

जिवंत! चावडीत नुसता कल्ला. पण जैतुनबी हसली नाही, रडली नाही. माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाली, "तुझ्या प्वाटात ह्ये बी व्हतं, तर इतकं दिस का न्हाई बोललास?"



तेवढ्यात हौशीराम आला. "कुनी फोडली मोहोर?"

"म्या! घाल बेड्या. पोरगा कैदेत हाय, म्या बी जाते."

पण किल्ली त्याची, म्हणजे जाबही त्यालाच द्यावा लागणार. त्यानं गपचूप नवी लाख ओतली.

दुसऱ्या दिवशी सातला मी पुन्हा म्हणालो, सर्व आघाड्यांवर ठीक आहे. अख्खं गाव उठलं, घोंगड्या झटकल्या आणि घरी गेलं. पुढं रोज मी जवळजवळ रिकाम्या चावडीला बातम्या सांगायचो.

माझ्यावरची धूळ पुसा न पुसा, मित्रांनो. पण तुमच्या रेडिओची किल्ली कुणाच्या करदोट्याला आहे, ते आधी बघा. जैतुनबी बघायची. गाव उठलं तरी ती एकटी बसून राहायची. माझ्याकडं पाठ, हातात अडकित्ता, आणि नजर हौशीरामच्या कमरेच्या किल्लीवर.