मास्तरांची अडलेली लाथ

आमचे हे पायाळू. म्हणजे जगात आले तेच पाय पुढे करून. सासूबाई सांगायच्या, डोकं सगळ्यात शेवटी आलं. लग्नानंतर आठवड्याभरातच मला त्याची खात्री पटली.

पायाळू माणसाची लाथ लागली की कंबरेतली उसण उतरते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तारापूरजवळच्या ज्या गावात हे शाळामास्तर होते, तिथली निम्मी वस्ती मासेमारीवर जगणारी. जाळी ओढून आणि पाट्या वाहून कंबर धरलेली माणसं सकाळी आमच्या अंगणात हजर. दुखणाऱ्याने उंबऱ्याबाहेर दाराकडे पाठ करून ओणवं व्हायचं आणि ह्यांनी आतून डाव्या पायाने तीनदा हलकी लाथ लावायची, अशी रीत. हे विज्ञान शिकवायचे. लाथ लावून झाली की मोठ्या आवाजात बजावायचे, "याने काहीही होत नाही. शेक घ्या, विश्रांती घ्या." समोरचा "होय मास्तर" म्हणायचा आणि ताठ होऊन घरी जायचा. जाताना कुणी ओट्यावर सुके बोंबील ठेवून जायचं. ते मात्र हे परत करायचे नाहीत. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि बोंबील ताटात.

हे रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांचा डावा हात थरथरू लागला. मग डावा पाय. कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. अक्षर मुंग्यांएवढं झालं. पालघरच्या डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला, चालवून पाहिलं आणि सांगितलं की हा कंपवात. पाठ लाकडासारखी होऊन दुखते तीही त्याच्यामुळेच. गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. निघताना मला म्हणाले, "बाई, हा पाहुणा आता जायचा नाही. त्याचा पाट मांडूनच ठेवा."

मांडला. गादीखाली फळी घातली. समुद्रावरची वाळू तव्यावर तापवून तिच्या पुरचुंडीने पाठ शेकायची, निर्गुडीचा पाला बांधायचा. शेजारच्या जानूने होडीचा जुना दोर आणून खिडकीच्या गजाला बांधला, तो धरून ह्यांनी पलंगावर उठून बसायचं. बसायचे. पुढे उभं राहायला मी लागायचे. काखेत हात घालून, "एक, दोन, हं" करत. शिडशिडीत माणूस, पण आजारात अंग असं ताठरतं की भाताचं पोतं परवडलं. लोकांना लाथ लावणं त्यांनी बंदच केलं. थरथरत्या पायाने कुणाला लागलं तर, ही भीती.

या उठवण्याबसवण्यात माझीही पाठ गेली. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण भगवंत.

भगवंत आमचा एकुलता एक. भांडुपला कारखान्यात नोकरी, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, सून, दोन मुलं, आणि संडास जिन्याच्या टोकाला. पोरगा गुणी, त्याला नावं ठेवायला जागा नाही. दिवाळीत आला तेव्हा बापाची अवस्था बघून म्हणाला, "शिमग्याला येईन. तेव्हा बाबा आपल्या पायांनी एसटीच्या थांब्यापर्यंत चालले तर इथे राहा. नाहीतर दोघांनाही घेऊन जाणार. आई एकटी किती करणार?"

ह्यांचा चेहरा पाहवेना. घरासमोर समुद्र, मागे आमच्या चार नारळी, संध्याकाळी ओट्यावर गप्पांना सगळं गाव. बोईसरच्या बाजूने नव्या वीज केंद्राच्या बांधकामावर घाटावरची, खानदेशातली माणसं येत होती, त्यांनाही हे थांबवून त्यांच्या गावची पिकं विचारायचे. असल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर चढवलं, तर तो खाली उतरणार चौघांच्या खांद्यावरूनच. मला जायचं नव्हतं, ह्यांना तर नव्हतंच. माझी पाठ दुखते एवढं भगवंतला कळलं असतं तर त्याच दिवशी ट्रंक बांधून झाली असती. तेव्हा मी तोंड मिटून, पदर खोचून कामाला.

आणि चालणं? खोलीत हे बऱ्यापैकी चालायचे. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. खिळे ठोकल्यासारखे. मी ओढलं तर पुढे तोल जायचा, मागून ढकललं तर शिव्या बसायच्या. दिवाळी जाऊन थंडी सरत आली, तरी उंबरा काही ओलांडला जाईना.

अशा एका सकाळी काशीबाई आली. जानूची थोरली बहीण, वाऱ्यालाही उभं राहायला लावेल अशा आवाजाची. कंबरेवर हात ठेवून, वाकडी होऊन आली. हे दाराशी खुर्चीत बसले होते आणि डावा पाय नेहमीसारखा थडथड हलत होता. काशीबाईने त्या पायाकडे टक लावून पाहिलं आणि निदान केलं.

"मास्तर, तुमच्या पायात लाथ अडलीय."

"काय?"

"दोन वरसं तुमी कोनाला लाथ नाय दिली. जाणार कुठं ती? गाय पिळली नाय तर कास तटते का नाय?"

"काशीबाई, हा मेंदूचा आजार आहे!" हे ओरडले.

"मेंदू डोक्यात हाय, मास्तर. हालतो तो पाय."

ह्यांना राग आला की वय विसरतात. खुर्चीचे हात धरून एकटेच उठले आणि तिला अंगणाबाहेर काढायला म्हणून निघाले. उंबऱ्याशी आले आणि थांबले. झालं, पाय चिकटले. काशीबाईला वाटलं, मास्तर तयार झाले. ती उंबऱ्याबाहेर वळली, गुडघ्यांवर हात टेकून ओणवी झाली आणि म्हणाली, "हाणा."

पुढे जे झालं ते मी सूप हातात घेऊन पाहिलं. डावा पाय उचलला गेला. सहज, पूर्वी उचलला जायचा तसा. एकदा, दोनदा, तीनदा तिच्या कंबरेला लागला, आणि ती बाजूला झाली तशी तोच पाय पुढे पडला तो उंबऱ्याच्या पलीकडे. मागून उजवाही आला. हे अंगणात उभे.

"उतरली!" काशीबाई ताठ होऊन ओरडली. "माझी उसण पन उतरली, मास्तरांची लाथ पन उतरली!"

ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आयुष्यभर ज्या समजुतीशी भांडले, तिनेच अंगणात आणून सोडलेलं.

पालघरला जाऊन हे डॉक्टरांना विचारून आले. या आजारात सपाट जमिनीवर पाय थिजतो, पण समोर ओलांडायला काही दिसलं की उठतो, असं डॉक्टर म्हणाले. अंधश्रद्धा नाही म्हटल्यावर ह्यांच्या जिवात जीव आला. घरी आल्याबरोबर उंबऱ्यापुढे काठी आडवी ठेवून प्रयोग सुरू. काठीपुढे पाय कधी उठायचा, कधी नाही. माणसाच्या पाठीपुढे मात्र हमखास. आणि पाठींना गावात काय तोटा? दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं. काही खरंच दुखणारी, काही मास्तरांची लाथ मोकळी करायला म्हणून आलेली. जानूची तर कंबर मला कधी दुखलेली आठवत नाही, पण तो रोज ओणवा. एकदा बाहेर पडले की हे नारळींपर्यंत जायचे, थांब्यापर्यंतही जायचे. पाठीचं दुखणं गेलं असं नाही, पण चालून आले की ती जरा मोकळी व्हायची आणि दुपारी झोप लागायची. "योगायोग," हे कूस बदलत म्हणायचे.

शिमग्याला भगवंत सकाळच्या गाडीने आला. अंगणात जानू, काशीबाई आणि आणखी दोघे आधीच ओणवे व्हायच्या तयारीत. प्रकार कळला तसा तो कानापर्यंत लाल झाला.

"बाबा, लोकांना लाथा मारून चालायचं? हा तमाशा नको. मोकळ्या दारातून चालून दाखवा. तसंच ठरलं होतं."

त्याचंही बरोबर होतं. माणसं कुंपणाशी सरकली. हे दोर धरून बसले, आणि त्या दिवशी मी काखेत हात घातला तेव्हा माझ्या कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारलं. तोंडावर हसू ठेवून मी त्यांना उभं केलं. खोलीतून चालत आले, मागोमाग भगवंत. उंबऱ्याशी थांबले. मी काठी आडवी टाकली. पाय थरथरला, उठला नाही. कपाळावर घाम आला.

"बाबा, पुरे," भगवंत हळूच म्हणाला. "पुरे आता. आई, ट्रंक कुठाय?"

मग माझं डोकं फिरलं. मी ह्यांच्या बाजूने बाहेर गेले, काठी पायाने उडवली आणि उंबऱ्याबाहेर दाराकडे पाठ करून पायरीवर बसले.

"मला लावा," म्हटलं.

लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. गावातल्या सगळ्यांच्या पाठी ह्यांच्यापुढे वाकल्या, माझी नाही. नवऱ्याचा पाय अंगाला लागू द्यायचा नाही, एवढं एकच आईने केळव्याहून सासरी निघताना कानात सांगितलं होतं, आणि ह्यांनीही मला कधी तसं म्हटलं नव्हतं.

"नर्मदे, ऊठ. भलतंच काय?" हे म्हणाले.

"दुखतेय माझी पाठ. दीड वर्षं दुखतेय."

"कशाने?"

"कशाने म्हणून काय विचारता? तुम्हाला उठवून."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, माझा मलाच, की जे झाकून ठेवलं ते मीच चव्हाट्यावर मांडलं. तेवढ्यात ह्यांचा पाय पाठीला लागला. लाथ नव्हे. कंबरेवर येऊन टेकला आणि तिथेच राहिला. तोल जातोय असं पाहून भगवंतने मागून खुर्ची सरकवली, हे तिच्यात बसले, पण पाय काढला नाही.

"भगवंता, ट्रंक माळ्यावर आहे," हे म्हणाले. "काढ. आपण भांडुपला जाऊ. मला उचलून हिची पाठ मोडायला नको."

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पाठ दुखते म्हणाले मी. जायचंय असं कुठे म्हणाले?"

"पण आई, उठवणार कोण यांना?"

कुंपणाकडून जानू पुढे आला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "आमी हाय ना. रोज होडी वर ओढतो. मास्तर काय होडीपेक्षा जड हाय? पन मास्तरीणबाई, तुमी बोललाच नाय कवा!"

"बोलायला काय झालं व्हतं?" काशीबाईने मला झापलं. "बाजूलाच तर रहातो आमी!"

खरंच होतं. बाजूलाच तर राहत होते. भगवंत जानूकडे वळला. मग त्याने विचारलं, "सकाळी किती वाजता येशील?" जानू म्हणाला, "भरती बघून." भगवंतला हसू फुटलं, आणि ट्रंक माळ्यावरच राहिली.

खुर्चीत बसल्यावर ह्यांचा पाय थरथरायला लागला होता, बसल्यावर थरथरतो तसाच, बारीक आणि एकसारखा. जवळजवळ त्या जागी, जिथे दीड वर्षं माझा हात पोचत नव्हता. ह्यांना ते जाणवलं असावं, कारण ते ओशाळून पाय मागे घ्यायला लागले.

"काढतो हं," हे म्हणाले. "तो काही माझं ऐकत नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "जरा खाली घ्या."