पिवळी पडायच्या आत

ही गोष्ट लिहायची जवळपास राहूनच गेली होती. लादिपो म्हणाला होता, "नको लिहूस, गाव हसेल." मीही गप्प बसणार होतो. पण परवा गल्लीतल्या एका आजारी माणसाकडे हिरव्या केळ्यांचे घड चाललेले दिसले आणि म्हटलं, बस झालं. लिहितोच.

आमच्या इकिरे गावात लादिपो शिंप्याच्या घरी केळी काही नवी नाहीत. त्याची आई, म्हणजे सगळ्या गावाची इया लादिपो, जन्मभर रस्त्याकडेला बसून डोडो तळायची. काळी पडेस्तोवर पिकलेली केळी, मिरची, मीठ, पामतेल. बसमधली माणसं खिडकीतून हात काढून पुडे घ्यायची. मग तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गावानं हिरवी केळी दिली!

कारण इकिरेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक: पिकलं केळं विष, हिरवं केळं औषध. भेटायला येणारा घड घेऊनच यायचा. ओसरीत ढीग लागला. ठेवून चालणार नाही, पिवळी पडली की औषधाचं विष झालं! लादिपो जमतील तेवढी सोलून, वाळवून, दळून आणायचा. उरलेली इया पिवळी पडायच्या आत उकडून संपवायची. ताटात पीठ घोटून केलेल्या आमालाचा डोक्याएवढा गोळा, आणि बाजूला उकडलेल्या तुकड्यांची रास.

"औषध कधी जास्त होतं का रे?" ती म्हणायची.

गोळ्या डब्यात पडून होत्या. एका आजाराला दोन औषधं कशाला?

मग तिच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो फुटला, पण जखम भरेचना.

सिकिरू हा लादिपोचा लहानपणापासूनचा दोस्त. तो आला तो रिकाम्या हातानं. इयानं लगेच टोमणा मारला, "बाजारातली केळी संपली वाटतं?"

"संपली, इया. सगळी तुमच्याच ओसरीत आहेत."

ती खो खो हसली. सिकिरूचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं होतं. वासही आला असणार.

"गोळ्या घेता ना?"

"आमाला घेते."

त्यानं खिशातून साखर मोजायचं यंत्र काढलं, त्याच्या बाबांचं; त्यांनाही हाच आजार.

"मोज की!" इयानं ऐटीत बोट पुढं केलं. "आत्ताच जेवलेय. हिरवंच खाल्लंय. डोडोच्या तुकड्याला शिवले नाही मी!"

आकडा आला. साडेतीनशेच्या वर.

"यंत्र बिघडलंय तुझं," लादिपो म्हणाला.

सिकिरूनं स्वतःचं बोट टोचलं. एकशे दहा.



"इया, हिरव्या केळ्यानं साखर हळू चढते, एवढंच. पण चढते ती चढतेच! दोन तुकडे उकडून पालेभाजी-मासळीबरोबर खा, कोण अडवतंय? डोंगर खाल्ला तर डोंगराएवढी चढणार. त्यात बारीक पीठ करून घोटलं की आणखी लवकर. आणि गोळीचं काम केळं करत नाही."

"म्हणजे सगळं गाव खोटं बोलतं?"

"खोटं नाही बोलत. जीव लावतं. माझ्या बाबांनाही लावला. पाय कापायच्या आदल्या दिवसापर्यंत घड येत होते." त्यानं यंत्र खिशात ठेवलं. "एक तूही आणला होतास, लादिपो."

लादिपोला आठवला तो घड. जाड, गर्द हिरवा, सगळ्या बाजारातून निवडलेला. सिकिरूच्या बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. लादिपोला वर बघवेना.

इयानं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तो गोळ्यांचा डबा घे बरोबर. आणि मोटारसायकलवाल्याला हाक मार."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही.

मित्रांनो, केळं वाईट नाही. आमची पोटं त्यावरच भरली. पण ते अन्न आहे, औषध नाही. अन्न बेतानं खायचं आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. आणि माया घडांनी मोजू नका!

दवाखान्याबाहेर बाकावर दोघं दोस्त बसले होते.

"उद्या तुझ्या बाबांकडे येतो," लादिपो म्हणाला.

"ये."

"रिकाम्या हातानं येईन, सिकिरू. इथून पुढं कुठल्याही आजाऱ्याकडे तसाच जाईन. लोक चिकट म्हणू देत. जवळ बसेन आणि आधी विचारेन, गोळी घेतली का? वचन देतो तुला."