लोडचा पट्टा

दंतवैद्य बाईंचा कुत्र्यांवर राग नव्हता. राग होता तो पुराव्यावाचून केलेल्या दाव्यांवर. धाकट्या बहिणीने आज दवाखान्यात आणलेला दावा चार पायांचा, केसाळ आणि ओल्या गोणपाटाच्या वासाचा होता.

"ताई, याच्या नुसत्या स्पर्शाने मुलांची भीती पळते. रीतसर शिकवलंय त्याला."

"काय शिकवलंय? झोपायला?"

प्रश्न रास्त होता. कुत्र्याचे नाव लोड, आणि तो नावाला जागून फरशीवर आडवा पसरला होता.

पण बाईंपुढे दुसरा पर्याय उरला नव्हता. आज येणारी सात वर्षांची मुलगी यापूर्वी दोनदा येऊन, दोन्ही खेपेस बाईंचे बोट चावून, दोन्ही किडक्या दाढा शाबूत घेऊन परतली होती. आता एका दाढेखाली पू झाला होता. खुर्चीत दाढा निघाल्या नाहीत, तर तिला मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन निजवावे लागणार होते. दुधाच्या दाढांसाठी एवढा घाट म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मुलगी आली. मागोमाग तिची आई, नेहमीप्रमाणे बोलतच. "घाबरायचं नाही हं सोन्या. सुई दिसते मोठी, पण टोचते थोडीच. आणि रक्त आलं तरी..."

लोडने एक डोळा उघडला.

"अगं बाई! कुत्रं! मी नाही हं आत येणार!"

दार लागले. मुलीने खुर्चीत बसून हात खाली सोडला आणि लोडच्या मानेवरच्या केसांत बोटे खुपसली. लोड घोरू लागला. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडीचे ठोके हळूहळू उतरत गेले. दाढ निघाली. बाईंची दहाही बोटे बचावली.

"बघितलंस?" बहीण म्हणाली. "आता तरी मान."

"काय मानू? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. कुत्रा आत आला आणि आई बाहेर गेली. गुण कुणाचा?"

"तू ना ताई, देव प्रकट झाला तरी त्याचं रक्त तपासायला पाठवशील."

"उपाशीपोटी."

बहीण लोडला घेऊन तणतणत निघाली, ती त्याचा पट्टा खुंटीवरच विसरून. लोडला त्याची गरजही नव्हती; पळून जाण्याइतका उत्साह त्याच्या अंगात कधी नव्हताच.

दुसऱ्या बाजूच्या दाढेची पाळी पुढच्या आठवड्यात आली. नेमका त्या दिवशी सकाळीच बहिणीचा फोन: लोडने रबरी चप्पल खाल्ली होती आणि आता तो ती निरनिराळ्या मार्गांनी परत करत होता.

बाईंनी थोडा विचार केला. मग खुंटीवरचा पट्टा काढून दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवला. तोंडाने त्या खोटे एक अक्षरही बोलल्या नाहीत.

पट्टा दिसताच आई बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. मुलगी एकटी आत आली. तिने खुर्चीखाली वाकून पाहिले, कपाटामागे पाहिले.

"लोड कुठाय?"

बाईंच्या डोळ्यांसमोर रुग्णालयाची चिठ्ठी तरळली. आता भोकाड. मग आई. मग बोट. तरीही त्यांनी खरे तेच सांगितले. "आला नाही. पोट बिघडलंय त्याचं."

मुलीने खालचा ओठ बाहेर काढला. बंद दाराकडे पाहिले. पलीकडून आईचा आवाज येत होता. शेजारी बसलेल्या कुणाला तरी ती सुईची लांबी हाताने दाखवून सांगत असावी.

ओठ परत आत गेला. मुलगी आपणहून खुर्चीवर चढली.

"आईला सांगू नका हं," ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि तिने आ वासला.