तक्त्यातली तिसरी ओळ

"पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू," एवढं बोलून दीर पुन्हा पडद्याकडे वळला, आणि वहिनीने त्याच्या कानाखाली जाळ काढला.

दोघांचा धंदा एकच. कंपन्यांची यंत्र-दुरुस्तीची पुस्तकं मोठ्या संगणकासाठी रचलेली असतात. मोबाइलवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी. हे दोघे ती उसवायचे आणि छोट्या पडद्याच्या मापाने पुन्हा शिवायचे. त्यात तक्ते म्हणजे डोकेदुखी. म्हणून वहिनीने सुरुवातीपासून एक शिस्त लावली होती: एकाने मोबाइलवरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ पुस्तकावर बोट फिरवायचं. दीर त्याला 'शाळा' म्हणायचा. लिफ्ट-दुरुस्तीचं पुस्तक आलं तेव्हा वहिनी तापाने अंथरुणात होती. या बहाद्दराने शाळेला सुट्टी दिली आणि पुस्तक धाडून मोकळा झाला. आता ते गावातल्या प्रत्येक लिफ्ट-मेकॅनिकच्या खिशात होतं. वहिनीच्या नवऱ्याच्या, म्हणजे याच्याच सख्ख्या थोरल्या भावाच्याही.

मूळ तक्त्यात तीन कामांसमोर मिळून एकच उभा रकाना होता: 'मेनसोबत बॅटरीचाही स्विच बंद करा.' रूपांतरात तो नुसत्या पहिल्या कामाला चिकटला, खालची दोन उघडी पडली. थोरल्याला नव्या लिफ्टचं चाक साफ करायचं होतं, म्हणजे तिसरी ओळ. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत त्याने मेन बंद केला आणि दोराच्या चाकात हात घातला. वीज गेली की माणसांना जवळच्या मजल्यावर नेऊन सोडायचं, एवढंच त्या बॅटरीला ठाऊक. लिफ्ट हलली. उजव्या हाताची चारही बोटं दोर आणि चाकाच्या मध्ये चिरडली.

दवाखान्यात तो स्वतःलाच शिव्या घालत होता. आख्खा जन्म या कामात गेला आणि मी बॅटरी अशी गाढवासारखी विसरलोच कशी, हेच पालुपद. वहिनीला ते ऐकवेना. तिने ऑफिसात येऊन दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता एकच गोष्ट हवी होती. सगळ्या मोबाइलवर इशारा, तोही लगेच. त्याचा पासवर्ड दिराकडे. तो द्यायला तयार नव्हता. चूक कबूल केली की कंपनी लाथ घालेल आणि दादाची बोटं काही परत येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं.

दुसरी थप्पड त्याने अडवली आणि तिला ढकललं. कपाटाची कड लागून भुवई फुटली, रक्त गालावर ओघळलं. ते बघून तोच गांगरला. कापूस काढायला त्याने लोखंडी ड्रॉवरमध्ये हात घातला, आणि वहिनीने अंगाचा सगळा भार टाकून ड्रॉवर बंद केला.

तो गुरासारखा ओरडला. वहिनीने ड्रॉवर गुडघ्याने दाबून धरला. त्याला कायम भावजी आणि अहो-जाहो करणारी ती बाई पहिल्यांदाच एकेरीवर आली.

"या घटकेला कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी तिसरी ओळ वाचत असेल. पासवर्ड सांग."

"वहिनी, हात मोडेल माझा."

"मोडू दे."

तिने आणखी रेटलं. आत काहीतरी कडकन वाजलं आणि त्याने रडत रडत एकेक अक्षर सांगितलं. तिला दया आली नाही असं नाही, पण गुडघा तिने काढला नाही. एका हाताने टाईप करून इशारा पाठवला, तो गेल्याची खात्री केली, मगच बाजूला झाली. दीर जमिनीवर बसला, सुजत चाललेला हात पोटाशी धरून.

थोड्याच वेळात फोन वाजला. नवऱ्याचा. इशारा त्याच्याही मोबाइलवर पोचला होता.

"हे पुस्तक कुणी केलं?" त्याने विचारलं.

वहिनीने स्पीकर लावला आणि फोन दिरासमोर फरशीवर ठेवला.

दिराने फोनकडे बघितलं, मग तिच्या भुवईकडे. "मी केलं, दादा. तपासलं नाही."



"म्हणजे मी विसरलो नव्हतो," थोरला म्हणाला. मग त्याने नाक ओढलं. "उद्या सकाळी इथे ये. डावा हात शाबूत आहे माझा."

"येतो," धाकटा म्हणाला.