पेटीच्या झाकणाचं दार

दिवाळी होऊन भात झोडून झालं, त्या आठवड्यात आवडी माहेराहून परत आली, आणि आली ती डोक्यावर डालगं घेऊन. बांबूच्या त्या टोपलीत सहा तलंगा होत्या. तुरे नुकते लालीवर आलेले. एकीनंही अजून अंडं दिलेलं नव्हतं. हैबतीनं ओट्यावरून तिला बांधावरून येताना पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

आवडी ही त्याची सून. त्याचा एकुलता एक मुलगा मोरू मुंबईला गिरणीत होता. शिमग्याच्या आधी त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला. जाळलं तिकडेच. घरी आली ती त्याची पत्र्याची पेटी, मचव्यातून दासगावच्या बंदरावर उतरवलेली. शेजारच्या भागोजीनं ती डोक्यावरून वरंधच्या वरच्या वाडीपर्यंत आणली. पावसाळाभर आवडी सासू-सासऱ्यांच्या बरोबरीनं चिखलात उभी राहिली. दसरा झाल्यावर तिचा भाऊ सहदेव आला आणि तिला पोलादपूरकडे माहेरी घेऊन गेला. वय ऐन तारुण्याचं, पोटी मूल नाही. अशा विधवेचा पाट लावतात, म्हणजे तिला दुसरं घर करून देतात, ही त्यांच्यातली जुनी रीत. त्यात कोणी वाईट मानत नाही. हैबतीही मानत नव्हता. फक्त ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि तसं म्हणायचा आपल्याला हक्क नाही हेही त्याला कळत होतं.

"जाणारी बाई कोंबड्या घेऊन येते व्हय?" त्यानं चुलीपाशी बसलेल्या बायकोला हळूच विचारलं.

रंगूबाई भाकरी थापत होती. "कोंबड्या हायेत," ती म्हणाली, "हत्ती नाय आणलान. एवढं काय हरखायचं?" पण त्या दिवशी तिनं आवडीच्या भाकरीवर तुपाची धार धरली, घरात तूप जेमतेम असताना.

त्यांच्या घरी दोन वर्षं कोंबडी नव्हती. पूर्वीच्या कोंबड्या पडवीत डालग्याखाली झोपत. एका पावसाळ्यात ऊदमांजर आलं, त्यानं डालगं उलथलं आणि सकाळी नुसती पिसं उरली. या वेळी हैबतीनं खुराडं बांधायला घेतलं. आवडी काहीतरी बोलायला म्हणून परसात आली होती, तोवर त्याची कुदळ जमिनीत गेली होती.

"मामा, जरा..." ती म्हणाली.

"लांब उभी ऱ्हा गो. माती उडल."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि घमेलं उचलून माती उपसायला लागली.

जागा त्यानं विचार करून निवडली. बांधाकडेला फणसाचं मोठं झाड होतं, पण सावलीच्या मोहात तो पडला नाही. फांदीवरून उडी मारणाऱ्याला तो जिनाच झाला असता. खुराडं घेतलं स्वैपाकघराच्या भिंतीला लागून, आत जरा फडफड झाली तरी अंथरुणात ऐकू येईल असं. मुंगूस खालून उकरतं, म्हणून तळाला चपटे दगड एकाला एक भिडवून बसवले. त्यावर गुडघाभर जोतं, जोत्यावर कारवीचा कूड, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेला. वारा खेळावा म्हणून वरच्या अंगाला फट ठेवली आणि तीही बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या विणून बारीक केली. "डोकं शिरलं का अंग शिरतं," तो म्हणाला आणि प्रत्येक भोकात अंगठा घालून पाहिला. वर कौलाचे नळे, नळ्यांवर करवंदीच्या काट्या. आत बसायला आडवी काठी, खाली राख, पिसवा होऊ नयेत म्हणून कोपऱ्यात निरगुडीचा पाला.

भागोजी रोज एक फेरी मारून जायचा. "हैबतीदा," तो म्हणाला, "कोंबड्यांचं खुराडं बांधतोस का रायगडाचा बुरूज?"

"तुज्यासारके चोर हायेत गावात. बांधाय लागतं."

"मग वर तोफ पन चढव एक. दिवाळीची दारू उरलीय माज्याकडं."

राहिलं दार. लाकडी दाराची खालची कड ऊदमांजर कुरतडतं. पत्रा हवा होता. घासलेटचा रिकामा डबा महाडच्या बाजारात मिळेल, भागोजी म्हणाला, पण बाजार चार दिवसांवर होता आणि तलंगा डालग्यात अवघडल्या होत्या. हैबती आत गेला आणि मोरूची पेटी घेऊन बाहेर आला.

रंगूबाई दारात आली. "त्याची पेटी हाय ती."

"हाय. रिकामी हाय."

तशी ती रिकामीच होती. पेटी आली तेव्हा आत दोन धोतरं, एक आरसा आणि एक नवं निळं लुगडं होतं, लाल काठांचं. शिमग्याला घरी येताना आणायचं म्हणून मोरूनं आवडीसाठी घेऊन ठेवलेलं. विधवेनं नवं नेसू नये असं वाडीत कोणी म्हणायच्या आत रंगूबाईनं स्वतःच्या हातानं ते आवडीला नेसवलं होतं. आता ते रोजच्या कामात विटून गेलं होतं.

रंगूबाई पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "झाकणाला बिजागऱ्या हायेतच. कडी पन शाबूत हाय." आणि आत निघून गेली.

हैबतीनं झाकण सुटं केलं. भागोजीनं दगडावर ठेवून ठोकून ते सरळ केलं. बिजागऱ्या कुडाच्या खांबाला ठोकल्या, कडीत घालायला सागाची खुंटी तासली. दार इतकं घट्ट बसलं की मधून काडी जात नव्हती. आवडीनं खुंटी काढून घालून पाहिली, पुन्हा काढली. मग तिनं सासूला हाक मारली. "आत्याबाय, तुमी पन करून बघा. ही कडी आधी दाबाय लागते."

"मला काय करायची हाय? तू हायेस ना."

"तरी बघा."

आता राहिली शेवटची गोष्ट. नव्या कोंबडीला तीनदा चुलीभोवती फिरवतात आणि फिरवणाऱ्याच्या मुठीतले दाणे खाऊ घालतात. मग ती रानात परागंदा होत नाही, त्या हाताच्या हाकेला परत येते. हे काम घरच्या बाईचं. आवडी तलंगा घेऊन आत आली आणि तिनं पहिली सासूपुढे धरली.

"आत्याबाय, तुमी फिरवा."

रंगूबाईनं हात पुढे केला होता, पण हैबती उंबऱ्यातून म्हणाला, "नाय. तुज्या कोंबड्या, तुजाच हात."

"मी नको, मामा."

त्याला वाटलं, विधवा आहे म्हणून संकोचते आहे. "आमच्या घरात तसलं कायपन नाय," तो म्हणाला. "तू या घरची लेक हायेस. फिरव."

आवडीनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मग एकेक तलंग छातीशी धरून ती चुलीभोवती फिरली. फेरे मोजताना ती दोनदा चुकली. हैबतीला ते दिसलं आणि बरं वाटलं. मान मिळाला की माणूस गांगरतं, असं तो समजला.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने त्या घराचे बरे गेले. दिवस कलला की आवडी त्याच निळ्या लुगड्याचा पदर खोचून परसात यायची, कमरेत वाकायची आणि हाक द्यायची, "या गो बायांनो, या या या." बांधापलीकडून, गवतातून, फणसाच्या बुडातून सहाही धावत यायच्या. ती दाणे मुठीतूनच टाकायची. एक-दोनदा तिनं रंगूबाईला हाक मारायला लावली. रंगूबाईच्या हाकेला तलंगा मान वाकडी करून पाहायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या. "माज्या तोंडावर विश्वास नाय त्यांचा," रंगूबाई म्हणाली, "शान्या हायेत." आवडी हसली नाही. पौषात पहिलं अंडं आलं, लहानसं, कवचावर रक्ताचा ठिपका असलेलं. ऊदमांजर दोनदा येऊन गेलं. कुडावर त्याचे ओरखडे दिसले, तेवढेच. हैबती ते ओरखडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

माघात सहदेव आला. गूळपाणी झालं. तो ओट्यावर अवघडून बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मामा," तो म्हणाला, "पोलादपूरच्या अल्याड एक घर हाय. बायको बाळतपनात गेली. मानूस शांत हाय, शेती घरची. आवडीनं हो म्हनलंय. दिवाळीलाच म्हनलं व्हतं." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "पन तुमची मोकळीक पायजेल. तुमी नाय म्हनलात तर ती यायची नाय. हे तीच सांगते."

हैबतीनं मागं वळून पाहिलं. आवडी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"दिवाळीला?" तो म्हणाला. "मंग या कोंबड्या?"

"तुमच्यासाठनं आणल्या, मामा." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी गेल्यावर घरात कायतरी हलतं-चालतं असावं म्हून. त्याच दिशी सांगनार होते. तुमी खणायलाच लागलात."

परसात एक कोंबडी अंडं देऊन ओरडत होती, आणि ती गप्प होईपर्यंत सगळे थांबले.

हैबतीला "नाय" म्हणता आलं असतं. नाही म्हटलं तर ती राहिलीही असती. रोज दाणे टाकले असते, रोज दाराची खुंटी घातली असती, आणि त्यानं रोज तिच्याकडे पाहिलं असतं.

"घेऊन जा, सहदेवा," तो म्हणाला. "मोकळी हाय ती."

पाटाला निघालेली बाई पहिल्या घरचं कापड अंगावर नेत नाही. सहदेवानं बरोबर नवं लुगडं आणलं होतं. ते नेसून आवडी बाहेर आली तेव्हा निळं लुगडं तिनं घडी करून कपड्यांच्या वळणीवर ठेवलेलं होतं. तिनं दोघांच्या पायांवर डोकं ठेवलं. रंगूबाईनं तिच्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाली, "तिथं पहाटे उठवायला मी नाय. आपली आपन उठ." आवडीनं मान हलवली. बांधापर्यंत कोंबड्या तिच्या मागे गेल्या. तिनं त्यांना हुसकलं नाही, आणि हाकही मारली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी रंगूबाईनं हाक दिली. कोंबड्या आल्या नाहीत. त्या बांधावर एका रांगेत, वाटेकडे तोंड करून उभ्या होत्या. हैबती काठी घेऊन गेला तशा त्या फडफडत फणसावर चढल्या आणि उतरल्याच नाहीत. दाणे टाकले, शिव्या दिल्या, भागोजीनं झाड हलवलं. खुराड्याचं दार उघडं राहिलं, आत राख ताजी, काठी पुसलेली.

सकाळी फणसाखाली एकीची पिसं होती.

रंगूबाईनं उरलेल्या पाचही दुपारी दाणे टाकून धरल्या आणि पुन्हा चुलीभोवती फिरवल्या. काही उपयोग झाला नाही. एकदा लागलेला हात सुटत नाही, असं म्हातारी माणसं म्हणाली. आणखी एक गेली. भागोजी बांधावरून म्हणाला, "हैबतीदा, बुरूज भक्कम हाय रे. शिबंदीच भायेर ऱ्हाते." म्हणाला आणि लगेच ओशाळला. हैबती खुराड्यापाशी बसून कामट्यांची भोकं अंगठ्यानं तपासत होता. कुठेही चूक नव्हती. मुंगूस, ऊदमांजर, साप, सगळ्यांचा विचार झाला होता. 'मी नको, मामा' असं ती म्हणाली होती, तेवढंच त्यानं ऐकून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लाकडं तोडून परतला तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं. परसाच्या कोपऱ्याशी येऊन तो थांबला. खुराड्यापुढे निळं लुगडं होतं, लाल काठांचं. पदर खोचलेला, कमरेत वाकलेलं अंग, पुढे केलेली मूठ.

"या गो बायांनो, या या या."

आवाज अगदी तोच नव्हता, पण चाल तीच होती, 'बायांनो'वर जरा लांबवलेली. डोक्यावरची मोळी तशीच धरून हैबती उभा राहिला. त्याला माहीत होतं. तरी त्याचे पाय पुढे होईनात. बांधावरून एक कोंबडी उतरली, मग दुसरी. चारही मान पुढे काढून धावत आल्या, लाल काठापाशी दाणे टिपले आणि त्या पदराच्या मागे मागे एकेक करून आत शिरल्या.

लुगड्यातली बाई उभी राहिली, कमरेवर हात देऊन, हळूहळू. रंगूबाईनं त्याच्याकडे तोंड न फिरवताच म्हटलं, "काय बगताव? दार लावा."

त्यानं मोळी टाकली. वाकून पेटीचं झाकण ओढून घेतलं, कडी दाबली, खुंटी घातली. आत काठीवर पायांची सरकासरक झाली आणि थांबली.

"सगळ्या हायेत?" त्यानं विचारलं.

"हायेत तेवढ्या हायेत."

ती घरात गेली. आतून बांगड्यांचा आणि कापडाचा आवाज आला, वळणी करकरली. ती लुगडं बदलून, घडी करून ठेवीपर्यंत हैबती खुंटीवर हात ठेवून तिथंच बसून राहिला, आणि त्यानं मान वर केली नाही.