सुबोधचा हार

नंदकिशोरबुवांच्या यकृतात चरबी साठली, तेव्हा त्यांच्या तबलजीनं, सुबोधनं, औषध आणून दिलं. तो अंधेरीच्या एका संशोधन प्रयोगशाळेत कामाला होता. "बुवा, सुई एकच, पण काम दुहेरी. भूक आवरते आणि यकृतातली चरबीही उतरवते. डॉक्टर लोक सर्रास देतात." दर आठवड्याला तो स्वतः टोचायचा आणि विचारायचा, "मळमळलं का? जेवण गेलं ना?" बुवांना वाटे, पोटचा मुलगाही इतकं विचारत नाही.

त्या दिवशी घाटकोपरच्या मंदिरात कीर्तनाचा पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लावून हार घातला. मागे सुबोध एका लठ्ठ श्रोत्याला हळूच सांगत होता, "बिनधास्त घ्या ना! त्या सुईचा प्रयोग अजून उंदरांवरच चाललाय, पण मी आमच्या बुवांवर करून बघितलंय. काही झालं नाही त्यांना."

बुवांच्या कानावर ते पडलं, तरी त्यांनी उत्तररंग पुरा केला. आरतीनंतर आपल्या गळ्यातला हार सुबोधला घालायचा, हा त्यांचा कायमचा शिरस्ता. सुबोध मान झुकवून उभा राहिला.

बुवांनी हार काढला आणि विठोबाच्या पायांशी ठेवला.

"देवा, ह्याला मी माणूस वाटलोच नाही रे," एवढंच ते म्हणाले.