लाईल क्रेंशॉचा दिवस

बास्केटबॉल संघाचे मालक बर्डेटसाहेब यांनी रविवारचा सामना 'लाईल क्रेंशॉ दिवस' म्हणून जाहीर केला, तेव्हा लाईलला वाटलं, चला, पुढचा मोसम पक्का. ज्याचा एवढा मान करायचा त्याला घरी कोण बसवतं? बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी याचा भाबडेपणा काही गेला नव्हता.

उजवा गुडघा प्रत्येक सामन्याआधी सुजायचा. नवी पोरं हवेत उडी घेऊन चेंडू जाळीत टाकत होती. हा अजून पाय जमिनीत रोवून, दोन्ही हातांनी, छातीपासून सोडायचा. त्यात यंदा ते चोवीस सेकंदांचं मेलं घड्याळ आलं; तेवढ्यात चेंडू जाळीकडे टाकायलाच हवा. लाईल नीट उभा राहीपर्यंत निम्मा वेळ संपलेला असायचा.

त्याच्या गावच्या शाळेला बास्केटबॉलचा कोच हवा होता. इंडियानाच्या खेड्यात ती नोकरी म्हणजे पाद्रीबुवांच्या खालोखाल मान. हेडमास्तर हॉस्टेटलरांचा गुरुवारी फोन आला आणि लाईलनं सरळ सांगून टाकलं, "मी अजून खेळतोय, सर."

बायकोला, मॅव्हिसला, हे जेवताना कळलं. तिनं काटा खाली ठेवला.

"मला एका शब्दानं विचारलं नाहीस?"

"अगं, माझा दिवस करतायत ते! उगाच करतील?"

"जत्रेत नंबर आलेल्या डुकराला रिबीन बांधतात, लाईल. मग कुठं नेतात? शेतकऱ्याच्या घरचा ना तू?"

तो हसला. बायकांना खेळातलं काय कळतं, असं त्याला वाटलं.

रविवारी कपडे बदलताना स्टॅन कुबियाकनंही तोच विषय काढला. स्टॅन त्याचा संघातला सात वर्षांपासूनचा जोडीदार. "गेल्या वर्षी आपल्या संघातल्या पीटीचा दिवस केला होता. कुठाय पीटी?"

"त्याची पाठ गेली होती."

"आणि तुझा गुडघा काय नवा कोरा आहे, लेका?"

मध्यंतरात लाईलला मैदानाच्या मधोमध नेलं. तिथं संघाच्या रंगात रंगवलेली एक झुलती खुर्ची ठेवली होती, म्हातारी माणसं ओसरीवर बसतात तसली. बर्डेटसाहेबांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, आपला लाडका लाईल आज या खेळाचा निरोप घेतोय!"

लाईलला आधी कळेचना. "साहेब, मी कुठं म्हणालो..."

साहेबांनी माईकवर तळवा ठेवला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "आत्ता नको. बघ, लोक उभे राहिलेत."

खरंच, सगळी माणसं उभी राहिली होती. जानेवारीत त्याला 'म्हाताऱ्या, मर एकदाचा' म्हणून ओरडणारेसुद्धा डोळे पुसत होते. मॅव्हिस तेवढी बसलेली होती, कोटाची बटणं लावून, मांडीवर पर्स घेऊन.

"बस! बस!" लोक ओरडले. तो खुर्चीत बसला. गुडघ्यातून कळ आली, खुर्ची मागंपुढं झुलली आणि सगळे प्रेमानं हसले. माईक त्याच्या तोंडाशी आला. लाज सोडून खरं बोलायची हीच वेळ होती. "बर्डेटसाहेबांचे फार उपकार आहेत," लाईल म्हणाला. असा भ्याडपणा त्यानं आयुष्यात केला नव्हता.

सामना पुन्हा सुरू झाल्यावर तो कोचकडे गेला. "मला दोन मिनिटं तरी उतरवा."

"आता? लोक रडून मोकळे झालेत, लाईल. आता उतरलास तर हसतील."

मग तो बाहेरच्या फोनकडे अक्षरशः धावला, तेही गुडघ्याची पर्वा न करता. खेळाच्या चड्डी-बनियनवरच त्यानं ऑपरेटरकडे हेडमास्तरांचा नंबर मागितला.

"सर, ती कोचची जागा..."

"अरे, काल संध्याकाळीच दिली ती यॉडरच्या मुलाला. तूच नको म्हणालास ना?" हॉस्टेटलर म्हणाले. "पण काय भाषण केलंस रे पोरा! रेडिओवर ऐकलं आम्ही. घरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो."